मुकादमाच्या वाट्याची तारली

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. उभा नव्हे, आडवा. झाकण वर उचलून कमरेत वाकावे लागते असा. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू आधी दोन टिपे गाळून घेतात, हे मला ठाऊक आहे. मी तसे काही करणार नाही. माझे झाकण अजून घट्ट बसते, माझा काटा अजून उणे वीसवर जातो आणि इतक्या वर्षांत माझ्यामुळे एक मासा नासला असे कुणी म्हणून दाखवावे. तरीही आज जी गोष्ट सांगणार आहे ती एका चुकीची आहे. चूक माणसांची होती, पण ती होत असताना मी मनातून फुशारलो होतो. त्यामुळे थोडा वाटा माझाही आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझ्या दोन भिंती केल्या आणि त्यांच्यामध्ये पातळ फेस ओतला. तो फुगला, वाळला आणि भिंती अशा घट्ट झाल्या की बाहेरची ऊब आत शिरायची सोय उरली नाही. मग तपासनीस बाईंनी माझ्यात पाण्याचे डबे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून त्यावर बोटांनी टकटक केले. पाण्याचा दगड झाला होता. बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि पुढच्या फ्रीझरकडे वळल्या. कौतुक एवढेच झाले, पण मला ते पुरले.

पहिली सहा वर्षे मी आइस्क्रीमच्या दुकानात होतो. तो माझा लाडाचा काळ. मुले टाचा उंचावून माझ्या काठावर हनुवटी टेकवत आणि कोणते घ्यावे यावर अर्धा अर्धा तास खल करत. मग काचेच्या झाकणाचा नवा फ्रीझर आला. त्याच्यातले सगळे बाहेरूनच दिसे, वाकायची गरज नाही. माझी रवानगी मागच्या अंगणात झाली, तिथे ताडपत्रीखाली मी चार महिने बंद पडून होतो. एक मांजर माझ्यावर झोपायचे, तेवढीच सोबत. गरज सरो अन् वैद्य मरो, ही म्हण मला तिथे नीट समजली.

तिथून मला काकींनी आणले. काकी म्हणजे मासळीच्या दुकानाच्या मालकीण. साऱ्या गल्लीच्या त्या काकी. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसेही त्यांना काकीच म्हणत. व्हॅनिलाच्या वासातून थेट मासळीत येऊन पडलो खरा, पण नाक मुरडायला आधी नाक लागते आणि ते मला नाही. दुकान लहान आणि लखलखीत. पांढऱ्या फरश्या, मासे कापायचा उतरता ओटा, त्याच्या डोक्यावर नळ, खाली पाणी वाहून नेणारी मोरी, आणि दाराशी बर्फावर मांडलेली मासळी. काकी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर उभ्या असत. ताजे नसेल ते मी विकतच नाही, हे त्या दिवसातून चारदा तरी म्हणत, आणि ते खरे होते.

दुकानात तिसरा नोकर होता तो म्हणजे मुकादम. पहिल्या काकी, दुसरा मी. मुकादम हा तपकिरी कुत्रा. एक कान उभा, एक कान पडलेला. पिल्लू असताना पावसातून दारात येऊन बसला तो बसलाच. सकाळी मासळीची गाडी आली की तो प्रत्येक टोपलीजवळ जाई, नाक लावी, पुढच्या टोपलीकडे जाई, आणि शेवटची टोपली झाली की दारात जाऊन ऐसपैस बसे. कामाला हात नाही आणि देखरेखीत कसूर नाही, म्हणून त्याचे नाव मुकादम पडले. संध्याकाळी उरलेसुरले तुकडे काकी भाताबरोबर शिजवत आणि त्याला घालत. त्यावर तो धष्टपुष्ट झाला.

आता आबांविषयी सांगतो. आबा हे काकींचे सासरे. हे दुकान मुळात त्यांचे. चाळीस वर्षे त्यांनी त्याच ओट्यावर मासे कापले. मग डोळे गेले. अगदी काळोख नाही, पण समोर धुरकट आणि कडेला थोडेसे दिसे, एवढेच. दोनदा बोट कापून घेतल्यावर सुरी खाली ठेवली ती कायमची. मग ते घरात खुर्चीवर बसून राहू लागले. जेवायला हाक मारली तर येत, नाही मारली तर येत नसत. काकी दुकानात माझ्याशी बोलत असल्यासारख्या स्वतःशीच म्हणत, की माणूस आजाराने नाही, रिकामपणाने संपतो.

शेवटी काकींनी युक्ती केली. आपल्याला वेळ नाही, मुकादमाला सकाळी फिरवून आणायचे काम तुमचे, असे आबांना सांगितले. पहिले दोन दिवस आबा कुरकुरत गेले. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी सांगितले, की हा कुत्रा पायरी आली की थांबतो. मग कळले की तो खांबाजवळ थांबतो, रस्त्याच्या कडेला थांबतो, आणि आबांचा पाय पुढे पडेपर्यंत हलत नाही. त्याला हे कुणी शिकवले नव्हते. महिन्याभरात आबा रोज नऊच्या ठोक्याला दुकानात हजर होऊ लागले, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसू लागले आणि गिऱ्हाइकांची थट्टा करू लागले. मुकादम होता म्हणून आबा घराबाहेर होते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, मित्रांनो.

आबांना आता हुरूप आला. फिरवतो मी, तर खायलाही मीच घालणार, असे त्यांनी जाहीर केले. पण शिजवायला विस्तव लागतो आणि विस्तवाजवळ काकी त्यांना फिरकू देत नसत. मग आबा म्हणाले, कच्चेच घालतो. शिजवायची कटकटच नको. आपल्या दुकानात सकाळी कापलेली तारली आहे, डोकी आहेत, आतडी आहेत, याहून ताजे राजाच्या कुत्र्यालाही मिळत नसेल. काकी जरा अडखळल्या. कच्च्या माशात बारीक किडे असतात, ते कुत्र्याच्या पोटात जातात, असे त्यांनी ऐकले होते.

नेमका त्याच आठवड्यात माझ्या झाकणाचा रबर बदलायला मिस्त्री आला. त्याच्या कानावर हे गेले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, उणे वीसवर सात दिवस राहिले की माशातला किडा जगत नाही, हा फ्रीझर काय शोभेला आहे का? मित्रांनो, तो खोटे बोलला नव्हता. पण त्याने सांगितले ते किड्यांपुरते होते, आणि आम्ही सगळ्यांनी ते सगळ्याच बाबतीत खरे मानले. अर्धे ऐकायचे आणि पुऱ्यावर अंमल करायचा, यात माणसे पटाईत असतात. यंत्रेही कमी नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग आबांनी आपली पद्धत बसवली. सात पिशव्या, प्रत्येकीच्या तोंडाला दोरी, आणि दोरीला वाराप्रमाणे गाठी. सोमवारची एक गाठ, मंगळवारच्या दोन, असे रविवारच्या सातांपर्यंत. सकाळी झाकण उघडायचे, हात आत घालायचा, बोटांनी गाठी मोजायच्या आणि मागच्या आठवड्यातली त्याच वाराची पिशवी काढायची. रिकामी झाली की तिच्यात आजची कच्ची तारली भरून ती परत आत. डोळ्यांचे काहीच काम नव्हते. माझ्यासमोर उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. किती दिवसांनी त्यांना एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करता येत होते. मला तर माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले. नुसते साठवून ठेवणारा मी आता आरोग्यखात्यात बढती मिळाल्याच्या थाटात घरघरू लागलो.

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात मुकादमाच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि काकींनी ठेवलेला भात तो हुंगून सोडून देऊ लागला. आबा म्हणाले, चांगल्याची चटक लागली, आता भात कशाला खाईल? पण मला माझ्या जागेवरून दिसत होते. सकाळी आबांनी तारली ताटलीत ठेवली, तर ती तशीच राही. मग आबा स्टुलावरून वाकत, एकेक तुकडा हातात धरत आणि म्हणत, घे रे, माझ्या हातचं घे. मुकादम त्या हाताकडे पाही, आबांच्या तोंडाकडे पाही, आणि तुकडा घेई. गिळताना त्याला कष्ट होत होते. आबांना ते दिसत नव्हते, आणि मला बोलता येत नव्हते.

एके सकाळी आबा कपाळावर टेंगूळ घेऊन आले. मुकादमाने त्यांना सरळ विजेच्या खांबावर नेले होते. कुत्र्याचेही वय होते, असे म्हणून आबांनी ते हसण्यावारी नेले. पण फरशीवर चालताना मुकादमाची मागची कंबर डावीकडे झोलत होती, आणि दार ओलांडताना त्याचा खांदा चौकटीला आपटला. मान तर सारखी खाली जात होती. काकींनी सुरी धुतली, दुकानाचे दार लोटले आणि त्याला घेऊन त्या समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर. त्यांचा दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हा खातो काय? आणि काकींनी सांगितले, घरचा भात. का, तर बाकावर त्यांची तीन नेहमीची गिऱ्हाइके आपापली मांजरे घेऊन बसली होती. काकींच्या दुकानातली मासळी खाऊन कुत्रा झोकांड्या खातो, हे त्यांच्या कानावर गेले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, एक कान आतून लाल दिसला, कान बिघडला की तोल जातो म्हणून त्यात घालायला थेंब दिले आणि चार दिवसांनी या म्हणून सांगितले. काकी परत आल्या आणि किती तरी वेळ उगाच ओटा धूत राहिल्या. नळ चालू होता आणि धुण्यासारखे काहीच नव्हते.

चौथ्या दिवसापर्यंत वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात चार गिऱ्हाइके असताना मुकादम ओट्यासमोर कोसळला. अंग ताठ झाले, पाय हवेत पळू लागले, डोळे उघडे पण ओळख नाही. आबा स्टुलावरून ओरडत होते, काय झालं, कुणी तरी सांगा काय झालं. एका गिऱ्हाइकाने धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणले. त्यांनी गुडघे टेकून त्याला कुशीवर धरले, झटका ओसरू दिला, आणि वर पाहून काकींना शांतपणे विचारले, की याच्या पोटात नक्की काय जाते ते आता मला खरे सांगा. मेंदूचे दुखणे दिसते आहे. चुकीचे औषध द्यायला माझ्याकडे वेळ नाही.

काकींचे तोंड उघडले. त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहिले आणि तोंड मिटले. मी त्यांना दोष देत नाही. चाळीस वर्षांहून जुने दुकान होते आणि त्याचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा होता, ताजे.

तेवढ्यात आबा उठले. भिंत चाचपत माझ्यापाशी आले, झाकण उघडले आणि हात आत घातला. एकामागून एक पिशव्या काढून त्यांनी ओट्यावर ठेवल्या. थंडगार पिशव्या फरशीच्या ओट्यावर दगडासारख्या वाजत होत्या.

"हे खातो तो," आबा म्हणाले. "तारली. डोकी, आतडी, सगळं कच्चं. अडीच महिने झाले. मी घालतो, माझ्या हातानं."

काकी घाईघाईने म्हणाल्या, "ताजी असते, डॉक्टर. आणि सात दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनच घालतो. किडे मरतात ना त्यानं?"

"किडे मरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी उघडून आतली रुपेरी शेपटी पाहिली आणि बॅगेतून सुई काढली. मग सुई भरता भरता त्यांनी जे सांगितले ते मी शब्द न् शब्द ऐकले, कारण ते माझ्याविषयी होते. तारलीसारख्या काही माशांच्या कच्च्या अंगात एक द्रव्य असते. ते ब-१ हे जीवनसत्त्व मोडून टाकते. एखाद्या दिवशी खाल्ले तर फारसे बिघडत नाही, पण रोज खाल्ले तर अंगातले ब-१ हळूहळू संपते, आणि ते संपले की भूक जाते, पाय लटपटतात, झटके येतात. गारठवल्याने ते द्रव्य नष्ट होत नाही. रोगजंतूही गारठ्यात नुसते झोपतात, ऊब मिळाली की उठतात. या दोन्हींना संपवायचे काम विस्तवाचे. मासळी ताजी होती की शिळी, याचा इथे काही संबंधच नव्हता. हीच तारली शिजवून, काटे काढून, अधूनमधून भाताबरोबर घातली असती तर कुत्रा आज टोपल्या हुंगत असता.

मित्रांनो, माझी घरघर त्या वेळी थांबली. म्हणजे काटा उणे वीसवर पोचला म्हणून आपोआप थांबली, पण मला ती लाजेने थांबल्यासारखी वाटली. थंडी फक्त थांबवते, बदलत नाही. माझ्यात जे जसे ठेवाल ते तसेच बाहेर येईल. मला हे माझ्या जन्मापासून ठाऊक असायला हवे होते आणि एका मिस्त्रीच्या थापेने मी ते विसरलो होतो.

ब-१ची सुई टोचून झाली. आबा अजून तिथेच उभे होते. "म्हणजे मीच घातलं त्याला ते," ते म्हणाले. "खात नव्हता. मी बळेबळे भरवलं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे समाधान करायला खोटे काही सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "घातलं तुम्हीच. पण आज बोललात म्हणून औषध कळलं. दोन दिवस माझ्याकडे राहू दे. जगला तर या सुईनं जगेल."

ते दोन दिवस आबा माझ्याशेजारी बसून होते. त्यांना दुकानात काकींनी हाताला धरून आणले, कारण आणणारा दवाखान्यात होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना आबांनी विचारले, की तू डॉक्टरांना पहिल्याच दिवशी का सांगितले नाहीस? काकींनी बाकावरच्या तीन गिऱ्हाइकांची गोष्ट सांगितली. लोक काय म्हणतील याची भीती वाटली म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"लोक मासे दुसरीकडून घेतील, पोरी," आबा म्हणाले. "मी मुकादम दुसरीकडून कुठून आणू?"

काकींना हुंदका आवरला नाही. मग आबांनाही आवरला नाही. दोघांनी एकमेकांची माफी मागितली नाही, पण थोड्या वेळाने काकींनी चहा केला आणि आबांनी तो कुरकुर न करता प्यायला. आमच्या दुकानात माफी अशीच मागतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादमाने मान वर केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता ओलांडून स्वतःच्या पायांनी दुकानात आला, डॉक्टरीणबाईंच्या हातात पट्टा होता आणि सरकारी पाहणी असल्यासारखे त्याने आधी टोपल्यांना नाक लावले. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते फरशीवर खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्याचे तोंड चाचपत राहिले, उभा कान, पडलेला कान, ओले नाक.

त्यानंतर काकींनी मागच्या खोलीत विजेची शेगडी बसवली आणि आबांना विस्तवाशी जायची परवानगी दिली, त्या शेजारी उभ्या असतील या अटीवर. आता मासा पाण्यात पुरता शिजतो. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही. निवला की आबा बोटांनी काटे काढतात. डोळसांच्या नजरेतून सुटतील असे बारीक काटे त्यांच्या बोटांतून सुटत नाहीत. एकदा काकींनी त्यांच्या मागून तपासून पाहिले आणि पुन्हा तपासले नाही. आणि तारलीचा रतीब बंद. कधी हा मासा, कधी तो, बाकी दिवस डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेले खाणे. माझ्या वाट्याला पुन्हा साठवणीचे काम आले आहे. ते मला उत्तम येते.

दोन गिऱ्हाइके तुटली, हे लपवत नाही. पण काकी आता स्वतःच बोलतात. कुणी म्हणाले, काकी, कुत्र्यासाठी थोडी डोकी बांधून द्या, की त्या पुडी हातात ठेवताना सांगतात, शिजवून घाला, काटे काढून घाला, आमच्या कुत्र्यावर बेतलं होतं. परवा एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, लांडगे काय चुली पेटवतात? आबा स्टुलावरूनच म्हणाले, "लांडगा किती वर्षं जगतो ते विचारून या, मग चुलीचं बोलू." गृहस्थांनी पुडी घेतली आणि मुकाट्याने किती वेळ शिजवायचे ते विचारले.

मुकादम पूर्ण बरा झाला असे सांगितले तर ते खोटे होईल. मागचा डावा पाय अजून फरफटतो. सकाळी दोघे येताना मला उघड्या दारातून दिसतात. पूर्वी पायरी आली की मुकादम थांबायचा, आबांचा पाय पडेपर्यंत. आता पायरी आली की आबाही थांबतात, त्याचा तो मागचा पाय वर येईपर्यंत. दोघांना चालायला दुप्पट वेळ लागतो. नऊचे ते सव्वानऊला पोचतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याला कच्चा मासा घालू नका. ताजा असला तरी नको, आणि माझ्यासारख्याने गारठवलेला असला तरीही नको. आणि त्याला बरे वाटेनासे झाले तर डॉक्टरांपुढे काही झाकू नका, चारचौघांत मान खाली गेली तरी. मी पाहिले आहे, आजारी असताना, गिळवत नसताना, तो तुकडा मुकादमाने घेतला. भूक होती म्हणून नव्हे. आबांनी दिला म्हणून. तुमचा कुत्राही तुमच्या हातातले कधी नाकारणार नाही, म्हणून हात पुढे करण्याआधी विचार तुम्ही करा.